एका कॅसेटच्या दोन सीडी

आत्तीच्या सीडी प्लेअरवर हिरव्या अक्षरांत ‘नो डिस्क’ आलं. मी झाकण उघडलं, सीडी काढून सदऱ्याला पुसली, परत बसवली. आत घरघर झाली, दोनदा किटकिट झाली आणि पुन्हा तीच अक्षरं. आत्ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिला डाव्या डोळ्यानं अंधुकच दिसतं. तिनं विचारलं, “काय म्हणतंय रं ते?” मी म्हटलं, “आत डिस्क न्हाई म्हणतंय.” “आत्ता माझ्यासमोर घातलास की! घातल्याली दिसत न्हाई व्हय त्याला?” शेजारच्या वहिनी मेथीची जुडी मांडीवर घेऊन उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. आत्तीनंच त्यांना बोलावून आणलं होतं, आमच्या ह्यांचा आवाज ऐकायला या म्हणून. त्यांची निम्मी मेथी निवडून झाली, तरी माझं झाकण उघडणं आणि मिटणं चालूच. शेवटी आत्ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुला सवड झाली की बघ. मी तवर हरिपाठ लावतो.” आणि तिनं उठून, हातानं चाचपत, माझी सीडी काढली, तिची रोजची सीडी घातली, बटणावर बरोबर बोट ठेवलं. हरिपाठ लगेच सुरू झाला.

ते ‘ऱ्हाऊ दे’ कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीपासून घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

आत्ती तशी गोष्ट सोडून देणारी नाही. दुधात पाणी वाटलं तर गंगावेशीच्या कट्ट्यापर्यंत चालत जाऊन समोर धार काढून दूध आणणारी बाई. तिनं मामांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, आवाजाच्या बाबतीत ‘ऱ्हाऊ दे’ म्हणावं, हे मला लागलं. तिनं मागितलं होतं तरी काय? आषाढी तोंडावर आली होती. मामा असेपर्यंत त्यांचं भजनी मंडळ दरवर्षी आषाढीला नंदवाळच्या विठ्ठलाला चालत जायचं आणि आदल्या रात्री पेठेतल्या विठ्ठल मंदिरात भजनाला बसायचं. त्यातल्या एका रात्रीची कॅसेट होती. तेवढी एकदा ऐकव म्हणाली. मोबाइलवर ऐकवतो म्हटलं, तर त्यातला आवाज बारीक येतो म्हणाली, आणि ते खरंच आहे. नवा स्पीकर आणतो म्हटलं, तर नको. या सेटची बटणं तिच्या बोटांना पाठ आहेत. दिसायचं कमी झाल्यावर ज्या थोड्या गोष्टी तिला कुणाला हाक न मारता करता येतात, त्यातली ही एक. ती तिच्याकडून काढून घ्यायचा मला काय अधिकार?

चूक साधी होती आणि ती माझी होती. पेनड्राइव्हवर टाकतो तशा मी सीडीवर एमपीथ्री फायली टाकल्या होत्या. तिचा सेट वीस-बावीस वर्षांपूर्वीचा, पुण्याच्या मुलानं आणून दिलेला. त्याला फाईल, फोल्डर यातलं काही कळत नाही. त्याला फक्त गाण्याची सीडी कळते, आणि तिचे नियम फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली घालून दिले, ते आजही तेच आहेत. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप १६ बिटांचं, डाव्या कानासाठी वेगळं आणि उजव्यासाठी वेगळं. काहीही दाबायचं नाही, गुंडाळायचं नाही. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी जागा लागते, ती लागू द्यायची. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला हे मी त्या रात्री वाचत बसलो. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, तिथल्या रेघांच्या हिशोबातून तो आला. टेप गेली, तिचा आकडा तेवढा मागं राहिला. म्हणजे मला एमपीथ्री उलगडून, म्हणजे न दाबलेली वेव्ह फाईल करून, मग ‘ऑडिओ सीडी’ असा पर्याय निवडून राइट करायला हवं होतं. कॉलेजात असताना हे काम मी डोळे मिटून करायचो. इतकं कसं विसरलो, याचंच मला नवल वाटलं.

कोऱ्या सीडी मिळवण्यात दोन दिवस गेले. पहिली सीडी घरातल्या ड्रॉवरमध्ये सापडलेली, एकुलती एक होती. राजारामपुरीतल्या दुकानदारानं माझ्याकडं प्रेमानं बघितलं आणि म्हणाला, “भावा, आता कोण वापरतंय?” शेवटी एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे मिळाल्या. पन्नासच्या गठ्ठ्यात अकरा उरल्या होत्या, वरून धूळ बसलेली. त्यानं लॅपटॉपला बाहेरून जोडायचा राइटरही दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “हळू राइट कर, आठच्या वर जाऊ नको. जुन्या लेन्सला घाईची सीडी वाचवत न्हाई.” त्याच्या हातातून तो गठ्ठा घेताना प्लास्टिकचा एक वास आला आणि मला महाद्वार रोडच्या बोळातलं कॅसेट भरून देणारं दुकान आठवलं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी जायचं. दुकानातला पोरगा पेन्सिल कॅसेटच्या भोकात घालून गरागरा फिरवायचा. एका बाजूला ४५ मिनिटं. यादीतलं शेवटचं गाणं बहुतेक वेळा निम्म्यात तुटायचं. मग पुढं कित्येक वर्षं ते गाणं दुसरीकडं कुठं वाजलं, की त्या ठिकाणी ‘खट्’ होईल म्हणून कान तयार व्हायचे. माझ्याकडून अजूनही होतात.

मामांच्या कॅसेट १४ होत्या. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी, २००७ साली, आत्तीनं पिवळ्या कापडी पिशवीतून त्या माझ्याकडे दिल्या, कारण तिच्या टेपमध्ये फीत गुंतायला लागली होती आणि मी घरात कॉम्प्युटर घेतला होता. मामा उद्यमनगरात लेथवर होते. दिवसभर यंत्राच्या आवाजात उभे राहूनही त्यांचा कान विलक्षण होता. बेअरिंग जायच्या आधी दोन दिवस त्यांना ते आवाजावरून कळायचं, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगायचे. भजनात त्यांचा आवाज जाड नव्हता, थोडा अनुनासिक होता, पण पेटीच्या काळी दोनला लागला की घासलेल्या पितळेसारखा लख्ख निघायचा. मी आमच्या जुन्या डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या मागं खुपसली आणि महिनाभर रोज एकेक बाजू उतरवून घेतली. माझी हार्डडिस्क होती ४० जीबीची, तीही सिनेमांनी भरलेली. म्हणून उतरवलेलं सगळं मी ६४ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटांच्या, मोनो एमपीथ्रीत बदललं, गाण्यागणिक तुकडे पाडले आणि मूळच्या वेव्ह फायली पुसून टाकल्या. १४ कॅसेटचं सगळं मिळून सव्वासहाशे एमबी झालं. एका सीडीत बसलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आत्तीला ती सीडी दाखवून मी म्हणालो होतो, “मामांचं सगळं भजन ह्यात हाय.” तिनं ती दोन्ही हातांनी धरली, उजेडात तिरकी करून बघितली आणि म्हणाली, “एवढ्यात मावलं?”

मावलं नव्हतं. हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी कळालं.

एमपीथ्री ही जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी अनेक वर्षं खपून घडवलेली पद्धत. मोठ्या आवाजाआड लहान आवाज झाकला जातो आणि माणसाला तो तसाही ऐकू येत नाही, हे हेरून ती तेवढं सोडून देते आणि बाकीचं ठेवते. जागा भरपूर दिली तर सोडलेलं काय ते भल्याभल्यांना ओळखता येत नाही. दोष तिचा नाही, मी निवडलेल्या आकड्याचा आहे. जागा कमी पडली, की ती ऐकू येणारंही सोडायला लागते, आणि सगळ्यात आधी जातात ते वरचे बारीक, तडतडते आवाज. म्हणजे भजनात काय गेलं? टाळ गेले. वीस जणांच्या टाळांचा तो एकत्र किणकिणाट, ज्याच्या जोरावर अख्खं भजन उभं असतं, तो त्या फायलींत ओल्या फडक्यात गुंडाळून वाजवल्यासारखा येतो. मागं एक सळसळ राहते, पाणी वाहतंय अशी. त्यातून कॅसेटची स्वतःची खरखर वेगळी. खरखरीला ना आकार ना क्रम, त्यामुळं ती साठवायला उलट जास्त जागा लागते. म्हणजे आधीच तुटपुंजी जागा, त्यात खरखरीनं आपला वाटा घेतला आणि टाळांचा कमी झाला. २००७ साली मी हे सगळं कॉम्प्युटरच्या दोनशे रुपयांच्या स्पीकरवर ऐकलं होतं आणि झकास झालंय म्हटलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी लॅपटॉप, राइटर सगळं घेऊनच आत्तीकडे गेलो. तिच्या सेटवर तिथंच वाजवून बघितल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून. ती शेजारी येऊन बसली. तिच्या हातात शेंगा होत्या, ती फोडत होती आणि दाणे माझ्यापुढं सरकवत होती. “काय करालाईस रं मगापासनं?” मी सांगितलं, की ही एक फाईल, आठ मिनिटांच्या अभंगाची. ही चार एमबीला थोडी कमी आहे. हिची सीडीला चालणारी फाईल केली की ८४ एमबीची होते. “म्हंजे केवढी झाली?” “बावीस पट.” तिचा चेहरा उजळला. “मग तवा कमी झाल्यालं परत आलं म्हणायचं की!” मी टाळांचं तिला नुकतंच बोललो होतो. मी म्हणालो, तसं नाही आत्ती, त्यात आवाज तेवढाच असतो, नुसती जागा वाढते, उलगडून पसरून ठेवल्यासारखी. ती थोडा वेळ गप्प राहिली. तिचं माहेर करवीर तालुक्यातलं, म्हणजे माझंच घराणं. आजोबांचं गुऱ्हाळ होतं. लहानपणी तिनं चुलवाणापुढं बसून चिपाडं सारली आहेत. ती म्हणाली, “म्हंजे गूळ केल्यावर त्यात किती बी पाणी घाल, रस न्हवं व्हायचा.” मी म्हणालो, “बरोबर.” इतकं नेमकं मला स्वतःला सांगता आलं नसतं. मी खूश झालो होतो. आणि त्याच सुरात ती पुढं म्हणाली, “मग ऊस आण की. कॅसेट हाईत न्हवं तुझ्याकडं?”

कॅसेट नव्हत्या. ही गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती.

आमच्या गावात पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा आकडा लोक आजारी माणसाचा ताप विचारावा तसा विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ४३ च्या कुठल्या कुठं वर गेला आणि शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी आलं. कपाटाच्या खालच्या खणात पिवळी पिशवी होती. पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकलं तेव्हाचा तो वास, चिखल, सडलेलं धान्य, डिझेल आणि ब्लीचिंग पावडर यांचा मिळून झालेला, अजून नाकातून जात नाही. गाद्या, पुस्तकं, फुगलेली लाकडं, सगळं रस्त्यावर आणून टाकत होतो. प्रत्येक दारापुढं तसलाच ढीग. पिशवी हाताला लागली. कॅसेटच्या पारदर्शक डब्यांत गढूळ पाणी होतं, लेबलांवरची मामांची निळी शाई फुटून पसरली होती. मी किती वेळ विचार केला असेल? दहा सेकंदही नाही. ‘एमपीथ्री आहेत की’ असं मनात म्हणालो आणि पिशवी ढिगावर टाकली. दुसऱ्या दिवशी ट्रॉली येऊन सगळं घेऊन गेली. पुढं काही वर्षांनी मला कळलं, की कॅसेटच्या फितीचा पाया पॉलिस्टरचा असतो आणि तो पाण्यानं लगेच मरत नाही. भिजलेली फीत स्वच्छ पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून, दुसऱ्या डबीत घालून पुष्कळदा वाजवता येते. त्यातल्या काही वाचल्या असत्या. आषाढीची वाचली असती का, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे.

मी तिला सांगितलं. सगळं, ढिगासकट. शेंगा फोडायचं थांबलं. ती काही बोलली नाही. उठली, टरफलं सुपात भरली, मागच्या दारी नेऊन टाकली आणि बराच वेळ आली नाही. नळ चालू झाल्याचा आवाज आला, भांड्यांचा आला. पुरात लोकांचं काय काय गेलं, आणि मी कॅसेटचं काय घेऊन बसलोय, असं मी मनाशी म्हणून बघितलं, पण त्यानं काही होईना. मामा एक गोष्ट नेहमी सांगायचे. गायन समाज देवल क्लबावरून जाताना तर हटकून. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब होते, त्यांचा आवाज ऐन उमेदीत अतिश्रमानं बसला, आणि मग उरलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी उभी केली. त्या गोष्टीचा आधार घ्यावा असं मला तेव्हा वाटलं. पण खाँसाहेबांचा आवाज कुणी दहा सेकंदांत ढिगावर फेकलेला नव्हता.

आत्ती परत आली ती ओले हात पदराला पुसत. माझ्याकडं बघितलं नाही. “लाव बघू काय हाय ते,” म्हणाली. मी लॅपटॉपवर पहिला रूपाचा अभंग लावला. मामांचा आवाज सुरू झाला. तिनं डोळे मिटले, मान जरा तिरकी केली. अर्ध्या मिनिटात उघडले. “ह्यांचा न्हवं ह्यो.” माझ्या पोटात गोळा आला. मी म्हणालो, “आत्ती, मामाच आहेत.” “ह्येच हाईत रं. पण आवाज जाड लागतोय. दमल्यागत. आषाढीच्या भजनाला ते दमायचे न्हाईत.” आणि तिनं पलंगाखाली बोट दाखवलं. तिथं, गोधडीत गुंडाळलेली, मामांची पेटी होती.

पेटी बाहेर काढली. भाता ओढला तर आतून धूळ आणि कापराचा वास आला. दोन सूर बसले होते, एक आपोआप बोंबलत होता, त्याला आत्तीनं पट्टीवर कागदाची घडी खोवून गप्प केलं. रेकॉर्डिंगमध्ये वाजते ती हीच पेटी. मामांचा सा काळी दोनचा, यात तिला शंका नव्हती. मी अभंग जिथं सा वर थांबतो तिथं आणून ठेवला, ती जागा पुन्हा पुन्हा वाजवली आणि आत्तीनं काळी दोन दाबून धरली. दोन आवाज जुळेनात. जवळ होते, म्हणूनच जास्त खुपत होते. दोन्हीमध्ये मिळून एक थरथर उठत होती, पंख्याचं पातं हलावं तशी. फायलीतला सा खाली होता. पांढरीवर जाईल इतका नाही, काळी दोनच्या आणि तिच्या खालच्या पांढरीच्या मध्ये कुठंतरी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. २००७ सालच्या आमच्या डेकचा पट्टा सैल झाला होता. कॅसेट हळू फिरली होती, म्हणून सूर उतरला होता आणि भजनही जरा रेंगाळलं होतं. सगळ्या १४ कॅसेट मी तशाच हळू उतरवल्या होत्या, आणि इतकी वर्षं मला ते ऐकू आलं नव्हतं.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलायची सोय आहे, ती सूर आणि लय दोन्ही एकदम बदलते, पट्टा ताणल्यासारखी. एक अख्खी पट्टी चढवायची तर जवळजवळ सहा टक्के वेग वाढवावा लागतो. आपल्याला निम्मं हवं होतं. मी दोन टक्के करून वाजवलं. आत्तीनं काळी दोन दाबली. थरथर होती, पण संथ झाली होती. अडीच. अजून संथ. तीन टक्क्यांना ती थांबली. दोन आवाज एकमेकांत इतके मिसळले, की पेटी कुठं संपते आणि मामा कुठं सुरू होतात हे कळेना. आत्तीचं बोट पट्टीवर तसंच राहिलं. भाता मी मारत होतो, तो मारतच राहिलो. तिच्या गालावरून पाणी उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “हां,” ती म्हणाली. “ह्यो.”

म्हणजे काही तरी परत आलं होतं. टाळ आले नाहीत, ते येणार नाहीत. पण सूर त्या फायलीत पडूनच होता, तीन टक्के खाली, आणि त्याला वर घ्यायला फक्त मामांची पेटी आणि आत्तीचा कान लागत होता. मी एकट्यानं, माझ्या घरी, कितीही महाग हेडफोन लावून हे केलं असतं, तर मला हे सापडलं नसतं. ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

तीन टक्के वाढवल्यानं ९३ मिनिटांचं भजन ९० मिनिटांवर आलं. सीडीत मावतात ८०. मी म्हणालो, दोन अभंगांच्या मध्ये गजर फार लांबलाय, तो थोडा कमी केला तर बसेल. आत्ती म्हणाली, “धा मिनटं कुणाची काढणार? पखवाजवाल्याची, का ध्रुपद धरणाऱ्यांची? त्यातलं निम्मं लोक आता न्हाईत.” मग दोन सीडी करायच्या ठरल्या. ज्या माणसानं १४ कॅसेट एका सीडीत बसवल्या होत्या, त्याला एका कॅसेटला दोन सीडी लागल्या, आणि मला ते योग्य वाटलं. कुठं तोडायचं हेही तिनंच ठरवलं. रूपाच्या अभंगानंतर लगेच नाही, मध्येही नाही. गौळण संपते, लोक जरा पाय मोकळे करतात, कुणी तंबाखू मळतो, कुणी पखवाजाची कणीक ओली करून घेतो, तिथं. भैरवी दुसऱ्या सीडीत.

मग राहिले सांधे. गाण्यागणिक पाडलेल्या तुकड्यांना एमपीथ्री करताना दोन्ही टोकांना थोडी मोकळी शांतता चिकटते. शिवाय सीडी राइट करणारं सॉफ्टवेअर सांगितलं नाही तर दर दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची फट सोडतं. वेगवेगळी गाणी असली तर ती बरी वाटते. भजनात अभंग संपता संपता गजर उचलला जातो, गजर विरायच्या आत पुढचा अभंग येतो, तिथं दोन सेकंद शांतता म्हणजे पखवाजवाल्याचा हात धरून ठेवल्यासारखं. ती फट शून्य केली. तरी एका ठिकाणी ‘टक्’ येत होतं. ते शोधायला मला अर्धा तास लागला. सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात आणि गाणं अशा एका पुऱ्या भागावरच संपावं लागतं. ४४,१०० ला ७५ नं भागलं की ५८८. तुकड्यातली मापं ५८८ च्या पटीत बसली नाहीत तर शेवटचा भाग भरायला मुकी मापं टाकली जातात. सेकंदाच्या पंच्याहत्तराव्या हिश्शाहूनही ती लहान, पण टाळ चालू असताना कान तिथं ठेचाळतो. सगळे तुकडे जोडून एक सलग फाईल केली, टोकांची शांतता हातानं कापली आणि मग गाण्यांच्या खुणा बरोबर भागांच्या सीमेवर बसवल्या. १३ तुकडे, १२ सांधे. मामा लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शासाठी तास घालवायचे आणि कुणी घाई केली तर नुसते बघायचे, बोलायचे नाहीत. ते बघणं मला सारखं आठवत होतं. राइट करायला आठचा वेग ठेवला. लेसर त्या रंगाच्या थरावर आतून बाहेर गोल गोल भाजत निघाला होता, आणि आम्ही दोघं, चुलीवर दूध ठेवल्यासारखे, त्या लहानशा दिव्याकडं बघत बसलो.

संध्याकाळी वहिनींना परत बोलावलं. या खेपेला त्यांनी आणलेला चिवट लसूण होता, सोलायला. आत्तीनं स्वतः सीडी घातली. घरघर झाली, एकदा किटकिट झाली, माझा श्वास अडकला, आणि हिरवा १ उमटला. मामांनी नमन म्हटलं. खोलीत कुणी हललं नाही. तिसऱ्या अभंगाला टाळ चढले तेव्हा आत्ती मला म्हणाली, “टाळ पाण्यातनं आल्यागत लागत्यात.” मी मान हलवली. तिला ती दिसली नसावी. कॅसेटचं ती त्यानंतर काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि आजवरही नाही, आणि मी अजून त्याची वाट बघतो. उरलेल्या १३ कॅसेटच्या फायली घेऊन मी दर रविवारी तिच्याकडे जातो. एका रविवारी एक बाजू होते. प्रत्येक वेळी पलंगाखालून पेटी निघते, कागदाची घडी खोवली जाते, काळी दोन दाबली जाते.

त्या संध्याकाळी गौळण संपली आणि पहिली सीडी थांबली. आत फिरणं हळूहळू बंद झालं. वहिनी उसासा टाकून म्हणाल्या, “काय आवाज होता हो भावजींचा,” आणि ताट उचलून उठायला लागल्या. आत्ती पलंगावरून उतरली होती, भिंतीला हात लावत सेटपर्यंत पोचली होती, तिचं बोट झाकणाच्या बटणावर होतं. दुसरा हात तिनं मागं न बघता वर केला.

“बसा. भैरवी व्हायची हाय अजून.”